तीन विक्रींचा हिशेब : म्हापशातील एका ‘तयार’ ऑनलाइन व्यवसायाची तपासणी

हे प्रकरण माझ्या भाचीचे आहे. तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील गाळून मी ते लिहीत आहे. ज्या संस्थेने तिला हा व्यवसाय देऊ केला तिचे नावही मी देणार नाही, कारण आज ते नाव असेल, उद्या दुसरे असेल. प्रस्तावाची बांधणी मात्र तीच राहते, आणि समजून घ्यायची आहे ती बांधणीच.

भाची गोव्यातील म्हापशात राहते आणि कांदोळीतील एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करते; नवऱ्याची पर्यटक टॅक्सी आहे. किनाऱ्यावरचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि उन्हाळ्याबरोबर संपतो. जूनचा पाऊस लागला की हॉटेल तिला महिन्यातले पंधराच दिवस बोलावते, आणि टॅक्सी आठवडा आठवडा दारातून हलत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत घरबसल्या काही मिळाले तर मुलीच्या शाळेचा आणि चवथीचा (गणेशचतुर्थीचा) खर्च निघेल, एवढीच तिची अपेक्षा होती. यंदाच्या मे महिन्यात तिने मला फोन करून विचारले, “मामा, बांगड्या गहाण ठेवून पंचेचाळीस-पन्नास हजार उभे करायचे असतील तर पतसंस्था बरी की बँक?” कर्ज कशासाठी, असे मी विचारले तेव्हा हा सगळा विषय निघाला.

मी डिचोलीत लहान व्यावसायिकांचे हिशेब आणि करविवरणपत्रे तयार करतो. २०१२ साली गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चमध्ये दुसऱ्यांदा थांबल्या, तेव्हा ट्रकचे हप्ते थकलेल्या घरी नाना प्रकारच्या योजना घेऊन येणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यामुळे घरातले उत्पन्न आटलेले असताना आलेला प्रस्ताव मी नेहमीपेक्षा सावकाश वाचतो. मी तिला म्हटले, “बाय, आठ दिवस थांब. सगळे कागद, संदेश, चित्रफिती मला पाठव, मग बसून बोलू.”

प्रस्ताव काय होता

संस्थेने त्याला ‘डन फॉर यू’ अफिलिएट व्यवसाय म्हटले होते, म्हणजे सगळे काही आधीच तयार करून हाती दिलेला व्यवसाय. अफिलिएट विपणन ही मुळात सरळ गोष्ट आहे : दुसऱ्याच्या मालाची शिफारस आपण आपल्या संकेतस्थळावर किंवा चित्रफितीत करायची, तिथे आपल्या नावाची खूण असलेली लिंक द्यायची, आणि त्या लिंकवरून जाऊन कोणी खरेदी केली तर विक्रेत्याने आपल्याला ठरलेले कमिशन द्यायचे. अॅमेझॉनने १९९६ मध्ये असा कार्यक्रम सुरू केला आणि भारतातही तो वर्षानुवर्षे चालू आहे. त्यात नाव नोंदवायला एक पैसाही लागत नाही. म्हणजे व्यवसाय खोटा नाही. प्रश्न होता तो त्याभोवती बांधून विकल्या जाणाऱ्या कार्यक्रमाचा.

या कार्यक्रमात स्वयंपाकघरातील उपकरणांविषयीचे एक तयार संकेतस्थळ, त्यावर चाळीस लेख, ग्राहकांना आपोआप जाणाऱ्या ईमेलची मालिका, तयार जाहिराती आणि बारा भागांचे प्रशिक्षण मिळणार होते. किंमत ४९,९९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ५८,९९९ रुपये. त्याशिवाय जाहिरातींसाठी दरमहा निदान १५,००० रुपये बाजूला ठेवावेत, असे फोनवर सांगितले गेले. माहितीपत्रकात या खर्चाचा कुठेही उल्लेख नव्हता. भाचीने ‘जागा राखून ठेवण्यासाठी’ ८,००० रुपये यूपीआयने आधीच भरले होते. ते ज्या खात्यात गेले ते संस्थेच्या नावाचे नसून एका व्यक्तीच्या नावाचे होते, हे तिच्या लक्षात आले नव्हते.

माहितीपत्रकातील एका वाक्याने तिचा विश्वास बसला होता : ‘फक्त तीन विक्रींत तुमची पूर्ण गुंतवणूक वसूल.’ पुढचा सगळा हिशेब मी याच वाक्यावर उभा केला.

तीन विक्री कशाच्या?

५८,९९९ ला तीनने भागले की १९,६६६ येतात. याचा अर्थ प्रत्येक विक्रीमागे सुमारे वीस हजार रुपये कमिशन मिळाले तरच ते वाक्य खरे ठरते. आता नमुन्याच्या संकेतस्थळावर होते मिक्सर, प्रेशर कुकर आणि इंडक्शन शेगड्या. तीन हजारांच्या मिक्सरवर चार टक्के कमिशन धरले तर हाती येतात १२० रुपये. या दराने गुंतवणूक वसूल व्हायला तीन नव्हे, ४९२ मिक्सर विकावे लागतात, आणि त्यात जाहिरातीचा एक रुपयाही धरलेला नाही.

जाहिरातीचा खर्च धरला तर चित्र आणखी स्पष्ट होते. माझे आकडे गृहीतकाचे आहेत, पण ते मी मुद्दाम प्रस्तावाच्या बाजूने झुकते घेतले. जाहिरातीवरील एका क्लिकला पाच रुपये पडतात असे समजा. शंभर माणसे संकेतस्थळावर आणायला पाचशे रुपये लागले. त्यांतील तीस जण पुढे दुकानाच्या पानावर गेले आणि त्यांच्यात शंभरात तीन या प्रमाणात खरेदी झाली, तर जेमतेम एक मिक्सर विकला जातो : खर्च ५००, मिळकत १२०. खरेदीचे प्रमाण तिप्पट वाढवून दहात एक केले तरी तीन मिक्सरांचे ३६० रुपये होतात आणि तोटा उरतोच. लहान किमतीच्या वस्तू आणि किरकोळ कमिशन असताना विकत घेतलेले वाचक परवडत नाहीत. ज्यांना या व्यवसायात पैसे मिळतात त्यांच्याकडे बहुधा फुकट येणारा वाचक असतो, आणि तो त्यांनी वर्षानुवर्षे लिहून किंवा चित्रफिती करून मिळवलेला असतो. तयार पेटीत संकेतस्थळ, लेख, ईमेल, सगळे होते. नव्हता तो फक्त ग्राहक, आणि या धंद्यात मोलाची गोष्ट तेवढी एकच आहे.

मग वीस हजारांचे कमिशन देणारी वस्तू कोणती? आम्ही संस्थेच्या प्रतिनिधीला एकत्र फोन लावला आणि भाचीने अगदी साधेपणाने विचारले, “या तीन विक्री कशाच्या?” त्याने सुरुवातीला ‘हाय टिकट प्रॉडक्ट’, म्हणजे मोठ्या किमतीची वस्तू, असे उत्तर दिले. तिने पुन्हा विचारल्यावर त्याने सांगितले की सदस्य झाल्यावर याच कार्यक्रमाची विक्री करण्याचा हक्क मिळतो आणि प्रत्येक नव्या सदस्यामागे ४० टक्के कमिशन मिळते. ४९,९९९ चे ४० टक्के म्हणजे वीस हजारांना चाळीस पैसे कमी. वाक्य अक्षरशः खरे होते. मिक्सरांचे संकेतस्थळ हे प्रवेशद्वार होते, आणि विकायची खरी वस्तू होती तोच ४९,९९९ रुपयांचा कार्यक्रम.

यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचीही गरज पडत नाही. पाच रुपयांना एक वाचक विकत घ्यायचा असेल तर वीस हजारांच्या कमिशनमागे चार हजार वाचकांत एकाने खरेदी केली तरी खर्च भरून निघतो; मिक्सरच्या १२० रुपयांत फक्त चोवीस वाचक येतात. त्यामुळे जाहिरातीवर चालणारा असा कोणताही कार्यक्रम हिशेबाच्या रेट्यानेच स्वतःची विक्री करण्याकडे सरकतो. सदस्याने कितीही प्रामाणिकपणे मिक्सरपासून सुरुवात केली तरी दोन महिन्यांत त्याला कार्यक्रमच विकावा लागतो, नाहीतर थांबावे लागते.

फोन ठेवल्यावर भाची बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “म्हणजे मामा, मी हे हॉटेलातल्या माझ्याच मैत्रिणींना विकायचे.” ज्यांना पावसात तिच्याइतकेच पंधरा दिवस काम मिळते त्या मुली तिच्या डोळ्यांसमोर आल्या असाव्यात. माझ्या दृष्टीने निर्णय त्या क्षणी झाला होता; पुढची तपासणी आम्ही केली ती ८,००० रुपये परत मिळवण्यासाठी आणि काहीही गृहीत धरून बोलायचे नाही म्हणून.

अमेरिकेतील दाखला

या बांधणीचा मोठा दाखला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या (एफटीसी, ग्राहकहित पाहणारी तिथली सरकारी संस्था) नोंदीत आहे. ‘माय ऑनलाइन बिझनेस एज्युकेशन’ या कंपनीविरुद्ध एफटीसीने २०१८ च्या जूनमध्ये खटला दाखल केला. एकवीस पायऱ्यांची सिद्ध पद्धत असे सांगून लोकांना ४९ डॉलरला आत घेतले जाई, आणि पुढे एकाहून एक महाग सदस्यत्वे, जवळपास तीस हजार डॉलरपर्यंतची, विकली जात. ती ‘पद्धत’ म्हणजे बहुतांशी तीच सदस्यत्वे दुसऱ्यांना विकून कमिशन मिळवणे होते, असे एफटीसीचे म्हणणे होते. गोळा झालेली रक्कम १२.५ कोटी डॉलरांहून अधिक असल्याचे एफटीसीने म्हटले होते.

त्याच देशातील व्यवसायसंधीविषयक नियम मला प्रश्नावली म्हणून फार उपयोगी पडला. २०१२ पासून लागू असलेल्या त्याच्या सुधारित रूपानुसार अशी संधी विकणाऱ्याने करार किंवा पैसे घेण्याआधी किमान सात दिवस एक पानी खुलासा द्यावा लागतो. त्यात विक्रेता कोण, त्याच्यावर पूर्वी कायदेशीर कारवाया झाल्या आहेत का, उत्पन्नाचा दावा केला आहे का आणि असल्यास त्याचा आधार काय, पैसे परत मिळण्याच्या अटी कोणत्या, आणि आधी खरेदी केलेल्या लोकांची नावे, एवढे असावे लागते. तो नियम म्हापशात लागू होत नाही, पण प्रश्न कुठेही विचारता येतात. भाचीने हेच पाच प्रश्न ईमेलने पाठवले. लेखी उत्तर एकाही प्रश्नाला आले नाही. फोन मात्र चार आले, आणि चौथ्यात ‘नकारात्मक विचार करणाऱ्या नातेवाइकांपासून दूर राहा’ असा सल्लाही होता. प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी प्रश्न सुचवणाऱ्या माणसापासून तोडण्याचा हा प्रयत्न मला सगळ्यांत गंभीर वाटला.

कागदपत्रे

अटींचे पान छोट्या अक्षरांत अकरा पानांचे निघाले. पैसे परत करण्याची ‘तीस दिवसांची हमी’ त्यात होती, परंतु ती मिळवण्यासाठी बाराही भाग पूर्ण केल्याचा, जाहिरातींवर ३०,००० रुपये खर्च केल्याचा आणि सलग साठ दिवस रोज एक पोस्ट टाकल्याचा पुरावा द्यावा लागणार होता. साठ दिवसांचे काम तीस दिवसांच्या मुदतीत होत नाही. ही अट मी भाचीला तीनदा वाचून दाखवली, कारण पहिल्यांदा तिला ती मी चुकीची वाचतो आहे असे वाटले.

संकेतस्थळाच्या डोमेनची (इंटरनेटवरील पत्त्याची) नोंदणी संस्थेच्या नावावर राहणार होती, ईमेलची यादीही त्यांच्याच प्रणालीत. म्हणजे कार्यक्रम सोडला की वर्षभर जमवलेले वाचकही जाणार. नमुना संकेतस्थळावरचे एक लांबलचक वाक्य अवतरणचिन्हांत घालून आम्ही गूगलवर शोधले, तेव्हा तेच वाक्य जसेच्या तसे कितीतरी संकेतस्थळांवर सापडले. दुसऱ्याचा मजकूर उचलून, स्वतःची काही भर न घालता केलेली अफिलिएट पाने गूगलच्या धोरणात स्पॅम मानली जातात, आणि मोठ्या प्रमाणावर तयार केलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्धचे धोरण गूगलने मार्च २०२४ मध्ये आणखी कडक केले. तेव्हा चाळीस तयार लेखांवर शोधातून फुकट वाचक येण्याची आशाही उरली नाही.

यशोगाथांमधील फोनच्या पडद्यांची छायाचित्रे (स्क्रीनशॉट) पाहिली तर कुठे एकूण विक्रीचा आकडा होता, कुठे कमिशनचा. खर्च वजा केलेला नफा एकाही चित्रात नव्हता. ‘आज रात्री बारापर्यंतच ही किंमत’ असे सांगणारे घड्याळ दुसऱ्या फोनवर पान उघडल्यावर नव्याने सहा तासांपासून सुरू झाले. खोटी निकड दाखवणे हा ग्राहकांची फसगत करणाऱ्या त्या तेरा प्रकारांपैकी एक आहे, जे केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केले आहेत.

कायद्याची बाजू मी तिला जेवढी समजते तेवढीच सांगितली. दुसऱ्यांना भरती करून मिळणाऱ्या लाभावर उभी असलेली अनेक पातळ्यांची साखळी थेट विक्रीविषयक २०२१ च्या नियमांनुसार निषिद्ध आहे. मात्र इथे कमिशन एकाच पातळीवर मिळत असल्याचे सांगितले जात होते, त्यामुळे हे प्रकरण त्या व्याख्येत बसतेच, असे मी ठामपणे म्हणणार नाही. भक्कम आधार होता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या तरतुदींचा. ‘तुम्ही व्यवसायासाठी खरेदी केली, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असा बचाव अशा वेळी हमखास केला जातो. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वा सेवा कायद्यातून वगळलेली आहे हे खरे. पण स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी विकत घेऊन वापरलेल्या वस्तूंना ते वगळणे लागू होत नाही, असे स्पष्टीकरण कलम २(७) मध्येच आहे. शिवाय या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, विक्रेत्याच्या शहरात हेलपाटे घालावे लागत नाहीत. आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. हे माहीत झाल्यावर भाचीच्या आवाजात फरक पडलेला मला जाणवला.

काय झाले

तिने संस्थेला मराठीत नव्हे, तर त्यांच्या अटींच्याच भाषेत, इंग्रजीत, एक पानी ईमेल पाठवला. त्यात रक्कम भरल्याची तारीख, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, पैसे व्यक्तीच्या खात्यात घेतले आणि जीएसटी क्रमांक असलेली पावती दिली नाही ही बाब, हमीच्या अटींतील साठ आणि तीस दिवसांचा विरोध, आणि पंधरा दिवसांत रक्कम न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याचा इरादा, एवढेच लिहिले. एकही विशेषण वापरले नाही. सोळाव्या दिवशी तिने हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि त्यानंतर नऊ दिवसांनी ७,२०० रुपये परत आले. कापलेल्या ८०० रुपयांसाठी पुढे जायचे नाही, असे तिने ठरवले. मला ते पटले नव्हते, पण पैसे तिचे होते.

बांगड्या घरातच राहिल्या. परंतु पावसाळ्याचा प्रश्न सुटला नव्हता, आणि तिला हा व्यवसाय खरोखर कसा चालतो ते स्वतः करून पाहायचे होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिने डोमेन आणि होस्टिंगला वर्षाचे २,९०० रुपये भरून स्वतःच्या नावाचे छोटे संकेतस्थळ केले आणि अॅमेझॉनच्या कार्यक्रमात नोंदणी केली. विषय निवडला तो तिच्या घरातलाच : गोव्याच्या पावसात कपाटातल्या कपड्यांना, चपलांना आणि पुस्तकांना येणारी बुरशी, ओलावा शोषणाऱ्या डब्या किती दिवस टिकतात, गाद्या कशा सुकवायच्या. प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला, लिंकवरून खरेदी केल्यास आपल्याला कमिशन मिळते, हे तिने स्पष्ट लिहिले. एकही जाहिरात दिली नाही.

नऊ आठवड्यांत तिने अकरा लेख लिहिले. त्यांना ६४० भेटी मिळाल्या, ५८ जण दुकानाच्या पानावर गेले, दोघांनी खरेदी केली आणि कमिशन झाले ९४ रुपये. दुकानात गेलेल्यांपैकी खरेदी करणाऱ्यांचे प्रमाण मी धरलेल्या शंभरात तीनच्या जवळच निघाले; पण दुकानापर्यंत जाणारे मी शंभरात तीस धरले होते, ते प्रत्यक्षात नऊच निघाले. हेच ६४० वाचक पाच रुपयांना एक या दराने विकत घेतले असते तर ९४ रुपयांसाठी ३,२०० रुपये गेले असते. हा हिशेब तिने स्वतः मांडला आणि मला दाखवायला चवथीला डिचोलीला येताना वहीच घेऊन आली.

लिहिण्याचे काम तिला आवडले आहे, असे ती म्हणते. ऑक्टोबरपासून हॉटेलचे पूर्ण दिवस सुरू होतील, तेव्हा आठवड्याला एक लेख लिहायचे तिने ठरवले आहे. पहिल्या १८० दिवसांत किमान तीन विक्री झाल्या नाहीत तर अॅमेझॉन खाते बंद करते, आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेली खरेदी त्यात धरत नाही. तिसऱ्या विक्रीसाठी तिच्याकडे डिसेंबरअखेरपर्यंतची मुदत आहे.